अठे काहीच नही

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या घराची सकाळ आबांच्या बुटांनी उजाडायची. आबा बसवर ड्रायव्हर होते, धुळे ते जळगाव आणि परत. पहिल्या फेरीला निघताना ते ओट्यावर बसून नाड्या आवळत आणि मग बूट नीट बसलाय की नाही हे बघायला दोन्ही पाय जमिनीवर आपटत. तो आवाज झाला की आईचा तवा चढायचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची थपथप सुरू व्हायची, खलबत्त्यात मिरच्या आणि लसूण कुटला जायचा आणि ठसक्याने माझी झोप उडायची. दोन खोल्या, वर पत्रे, एका भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्यासमोर रोज संध्याकाळी वंदना. वंदनेत आबांचा आवाज सगळ्यांत मोठा असे, कारण इंजिनाच्या आवाजावरून बोलायची त्यांना सवयच लागली होती. घरातही ते आम्हाला शेवटच्या बाकावरच्या प्रवाशाशी बोलावं तसे हाका मारत. माझे केस आता पांढरे झालेत म्हणतात. मी ते पाहिलेले नाहीत, पण ते घर मला आजही कोपऱ्याकोपऱ्यासकट दिसतं, आणि त्यावर मला कुणाचं प्रमाणपत्र नको आहे.

आबांना कशाचा अभिमान असेल तर तो स्वतःच्या डोळ्यांचा. ड्रायव्हरांची डोळे तपासणी व्हायची, तिथून ते लग्नातून आल्यासारखे खुशीत परत यायचे. "डॉक्टर म्हने, भाऊ, तुम्हना डोया घारना शेत," असं सांगून ते त्या घारीच्या डोळ्यांनी आम्हाला समोरच्या गल्लीतल्या दुकानाची पाटी वाचून दाखवत. त्यामुळे मी संध्याकाळी ओट्यावरच्या बादलीला धडकलो, की ते चिडायचे. माझ्यावर नाही, बादली तिथे ठेवणाऱ्यावर. मला अंधार पडला की दिसत नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्याला सगळे रातांधळेपणा म्हणत, आणि रातांधळेपणा गाजर, शेवग्याचा पाला, पपई खाऊन जातो असं आमच्याकडे पक्कं ठरलेलं होतं. मी किती शेवगा खाल्ला असेल ते विचारू नका. पुढे दिवसाही बाजूचं दिसेनासं झालं. समोरचं तेवढं दिसायचं, पुंगळीतून बघावं तसं. शेजारी उभा असलेला माणूस बोलला की मी दचकायचो, आणि कॉलेजात मला लोक गर्विष्ठ म्हणू लागले. मीही तो गर्व चालवून घेतला. आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं होतं.

शेवटी आबांनीच मला आपल्या गाडीत बसवून जळगावच्या एका मोठ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मला दवाखान्याच्या दारात सोडलं आणि गाडी फिरवायची म्हणून ते स्टँडवर गेले. म्हणून आत मी एकटाच होतो. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं, बराच वेळ दिव्याने आत पाहिलं आणि मग खुर्ची मागे सरकवली. "हे बघ," ते म्हणाले, "डोळ्यांच्या आतला पडदा वाळत चाललाय. यावर औषध नाही, ऑपरेशन नाही. हळूहळू सगळंच जाईल. काय शिकतोस तू?" मी म्हटलं, कॉम्प्युटर. त्यांनी दिवा बंद केला. "मग जे शिकायचं ते आत्ताच शिकून घे. थांबू नकोस." त्या माणसाचा मला तेव्हा इतका राग आला होता की मी नमस्कार न करता उठलो. आज वाटतं, माझ्याशी खरं बोलणारा तो पहिला माणूस होता.

स्टँडवर आबा गाडीला टेकून उभे होते. "काय म्हने डॉक्टर?" त्यांनी दुरूनच विचारलं. मी म्हणालो, काही नाही, चष्मा लागेल, हळूहळू बरं होईल. हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. त्यांच्या आवाजात इतकी घाई होती, की दुसरं काही तोंडातून बाहेरच पडेना. ते कंडक्टरच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मी सांगं व्हतं ना! डायवरना पोऱ्याना डोया जातस का कधी?" परतीच्या वाटेवर पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला गरम भजी आणून दिली, आणि मी ती खाल्ली. ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसून, त्यांच्या पाठीकडे बघत. डोळ्यांत औषध असल्यामुळे सगळं धूसर होतं, त्यामुळे पाणी आलं तरी कारण तयार होतं.

घरी एक कॉम्प्युटर होता. डेपोजवळच्या एका क्लासने नवे घेतले तेव्हा जुना आबांनी माझ्यासाठी उचलून आणला होता, पोत्यात गुंडाळून, बसच्या टपावरून नव्हे तर स्वतःच्या सीटशेजारी ठेवून. बोलणारे कॉम्प्युटर परदेशात असतात असं पुढे कळलं. तेव्हा त्यांची वार्ताही आमच्या गल्लीपर्यंत पोचली नव्हती. मी मनाशी हिशेब मांडला तो साधा होता. उद्या पडद्यावरचं दिसणार नाही. मग पडद्यावर जे असतं ते कानाने कळलं पाहिजे. आणि कॉम्प्युटरमध्ये शिरायचं तर सगळ्यांत आधी काय लागतं? कुठे काय ठेवलंय ते. फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी फोल्डर, असं एक उलटं झाड असतं. मूळ वर आणि फांद्या खाली. हे झाड दाखवणारा प्रोग्राम मी बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहायला घेतला, फक्त तो दाखवणार नव्हता, बोलणार होता. बाणाचं बटण दाबलं की एक फांदी खाली आणि त्या फांदीचं नाव मोठ्याने. एवढं जमलं असतं तर मी डोळे गेल्यावरही कॉम्प्युटरचा माणूस राहिलो असतो. नाही जमलं, तर आईने हात धरून ओट्यावर बसवायचं, संध्याकाळी हात धरून आत आणायचं. मला दुसरं काही समोर दिसत नव्हतं, दोन्ही अर्थांनी.

आवाज नंदाचा. नंदा म्हणजे माझी धाकटी बहीण, तेव्हा बारावीला, आणि तोंडाने फाटकी. प्रत्येक फोल्डरचं नाव तिच्या आवाजात रेकॉर्ड करून त्याच फोल्डरमध्ये ठेवायचं असं ठरलं. मी खरं कारण सांगितलं नव्हतं. कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणालो होतो. ती माईक तोंडाशी धरून "घर," "कॉलेज," "गानं" असं बोलायची, आणि कंटाळा आला की "कॉलेज, जाय आते, उशीर व्हयना" असंही. तेही मी तसंच ठेवलं. जिथे काही सापडणार नाही तिथे काय बोलायचं, तिने विचारलं. मी म्हटलं, तुला सुचेल ते. ती म्हणाली, "अठे काहीच नही." इथे काहीच नाही. सहज बोलून गेली आणि पळाली. त्या तीन शब्दांनी पुढे माझा जीव घेतला.

कारण प्रोग्राम सुरू झाला आणि तेच बोलू लागला. सगळा घोळ वाटेचा होता. कॉलेजातले मास्तर त्याला पाथ म्हणत. कोणतंही फोल्डर शोधायचं तर आपण असू तिथपासून त्याच्यापर्यंत सगळ्या फांद्यांची नावं, मध्ये तिरकी रेघ देऊन, एका ओळीत जोडावी लागतात. गंमत अशी की मुळाशी असताना कॉम्प्युटर शेवटची रेघ स्वतःच लावून देतो आणि एक पायरी खाली उतरलं की लावत नाही. मी सगळीकडे रेघ लावली, तर मुळाशी दोन व्हायच्या. कुठेच लावली नाही, तर खाली दोन नावं एकमेकांना चिकटून तिसरंच गाव तयार व्हायचं. "अठे काहीच नही." ते शोधायला मला आठवडे गेले, कारण मला पडद्यावर एका वेळी एखादाच शब्द दिसत होता. ओळ वाचता वाचता तिची सुरुवात हरवायची. डोळे दुखायचे, पत्रे तापलेले असायचे, घाम नाकावरून कीबोर्डवर टपकायचा, आणि अंधार पडला की माझा दिवस संपला. इतरांना रात्र असते, मला ती सुट्टी नव्हती, चोरी होती. अखेर, रेघ आहे का ते आधी बघ, नसेल तरच लाव, एवढी एक ओळ लिहिली आणि ते सुटलं. पण खरी विहीर पुढेच होती.

त्याच सुमाराला आबा एक दिवस कागदाची पुडी घेऊन आले. पारोळ्याच्या पलीकडे कुणी झाडपाल्याचं औषध देणारा होता, अंगारा फुंकून मुळी द्यायचा. ती उगाळून डोळ्यांत घालायची. ज्या माणसाने गंडेदोरेवाल्यांना जन्मभर दारातून हाकललं, ज्याच्या घरात नवस हा शब्द उच्चारायची सोय नव्हती, तो माणूस आईसमोर ती पुडी धरून उभा होता आणि भिंतीवरच्या तसबिरीकडे पाठ करून उभा होता. आई कधी आवाज चढवत नसे. ती म्हणाली, "ती पुडी मना पोऱ्याना डोयामा जावाव नही." आबा म्हणाले, "मंग मी काय करू? सांग ना! चष्मा लागना, तरी त्याले दिखस नही." मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून सगळं ऐकत होतो. मी उठून बाहेर जायला हवं होतं. उठलो नाही. आईने पुडी चुलीत टाकली, तिचा कडवट वास घरभर पसरला आणि त्या दिवशी वंदनेला आबांचा आवाज लागला नाही.

आईला सगळं माहीत होतं, हे मला ताटावरून कळलं. कधीपासून कोण जाणे, माझ्या ताटात प्रत्येक पदार्थ ठरलेल्या जागी येऊ लागला होता. ठेचा डावीकडे वर, भाजी उजवीकडे, भाकरी माझ्या पोटाशी. शेवभाजी असो, भरीत असो, जागा बदलायची नाही. एकदा नंदाने वाटी हलवली तर आईने तिच्या हातावर चापट मारली. मला काही म्हणाली नाही, मीही काही म्हटलं नाही. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी अशाच ठेवलेल्या असत, जागच्या जागी, न बोलता.

प्रोग्रामची दुसरी खोड अशी की तो पहिल्यांदा बरोबर चालायचा. कॉम्प्युटर सुरू केला, झाडावर चढलो-उतरलो, नंदाचा आवाज पटापट नावं घ्यायचा, माझा ऊर भरून यायचा. मग मी एखादी फाईल उघडायचो, बंद करायचो, परत झाडावर यायचो, आणि संपलं. घर? "अठे काहीच नही." कॉलेज? "अठे काहीच नही." बंद करून पुन्हा सुरू केला की साळसूदासारखा चालायचा. मी सगळा प्रोग्राम पुन्हा लिहिला. मास्तरांना दाखवला, ते म्हणाले, माझ्याकडे तर चालतोय, कारण त्यांनी एकही फाईल उघडली नव्हती, नुसते झाडावर चढले-उतरले होते. इकडे पुंगळी बारीक होत होती. काल दिसत असलेलं अक्षर आज दिसेना. मी बटणांवर मुठी आपटायचो. नंदा दारात येऊन म्हणायची, "दादा, प्रोजेक्टच शे ना? मरू दे ना त्याले." एकदा मी तिच्यावर ओरडलो, की तुझा तो आवाज ऐकून माझं डोकं फुटेल, बंद कर तो. ती रडत गेली. आणि कॉम्प्युटर मागून तिच्याच खेळकर आवाजात म्हणाला, इथे काहीच नाही. त्या क्षणी मला खरोखर वाटलं की ते माझ्याविषयी आहे.

त्या दिवसांत मी पांझरा नदी ओलांडून गावात एकटा जाऊ शकत होतो, आणि त्याचा मला माज होता. घराचा उंबरा सोडला की पिठाच्या गिरणीची घरघर, मग शेव तळणाऱ्याच्या कढईचा वास, मग पुलावरचा वारा, मग पलीकडची गर्दी. सगळी वाट पाठ. एका संध्याकाळी वर्गातल्या एका मित्राने मला स्कूटरवर घेतलं, कुठून कुठून फिरवलं आणि उतरवताना म्हणाला, "ही काय तुझी गल्ली, समोरच." आणि गेला. दिवेलागण झाली होती. माझ्यासमोर समोर नावाचं काहीच नव्हतं. मी गिरणी ऐकायला कान दिला, गिरणी नाही. कढईचा वास नाही. मी चार पावलं टाकली आणि गटाराच्या कडेला पाय घसरला. कुणालातरी विचारलं, देवपुरातली आमची गल्ली कुठे? तो म्हणाला, "तठे, हाई काय," आणि त्याने हात केला असणार, कारण दिसणाऱ्या माणसाला हात करण्यावाचून वाट सांगता येत नाही. दुसऱ्याने सांगितलं, "त्या दिव्याना मांगे." कोणत्या दिव्याच्या? मी हसून बरं म्हणालो. आंधळा आहे, हात धरा, एवढे शब्द मला येत नव्हते. मी तिथेच, वाहत्या रस्त्याच्या कडेला, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला मरणाची नाही, जगण्याची भीती वाटली. असं किती वर्षं उभं राहायचं?

शेवटी वारा लागला. नदीचा, ओलसर, थोडा घाण. मी त्या वाऱ्याच्या रोखाने सरकत गेलो, लोखंडी कठडा हाताला लागला आणि तो धरून पुलाच्या टोकाशी आलो, जिथून माझी पाठ असलेली वाट सुरू व्हायची. तिथून घरापर्यंत मी सरळ चालत आलो. कुणाला काही कळलं नाही. रात्रभर मात्र एकच गोष्ट मनात घोळत राहिली. वाट मला येत होती. पूर्ण येत होती. पण ती उंबऱ्यापासूनची होती, आणि मला कुणीतरी भलतीकडे उतरवून गेलं होतं.

सकाळी आबांचे बूट आपटायच्या आधीच मी उठून बसलो होतो. उजेड व्हायची वाट बघत. प्रोग्रामचंही तेच होत होतं. कॉम्प्युटर फाईल उघडायला तिच्या फोल्डरमध्ये जायचा, ती बंद केली तरी तिथेच बसून राहायचा, आणि माझा प्रोग्राम पुढचं प्रत्येक नाव तिथूनच शोधत सुटायचा. जणू अजून उंबऱ्यावरच उभा आहे. कुणी त्याला सांगितलंच नव्हतं की तो कुठे उतरलाय. मी प्रत्येक फांदीला तिची पूर्ण वाट चिकटवून टाकली, अगदी मुळापासूनची. इथून, तिथून, समोर, हे शब्दच काढून टाकले. कुठेही उतरवा, तो मुळापासून यायचा. दुरुस्ती थोडक्या ओळींची होती. त्या लिहायला मला दुपार झाली, कारण आता अक्षर दिसत नव्हतं, अक्षराचा तुकडा दिसत होता, आणि तुकड्यांवरून मी ओळखत होतो. आज माझ्या हातातला फोन पानंच्या पानं वाचून दाखवतो, माझा नातू त्याच्याशी वाद घालतो, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. वाटायचं कारणही नाही. पण त्या दुपारी मी एक फाईल उघडली, बंद केली, झाडावर परत आलो, घामेजलेलं बोट सदऱ्याला पुसलं आणि मग बाणाचं बटण दाबलं.

"घर," नंदा म्हणाली. आणखी एक फाईल. "गानं." आणखी एक. "कॉलेज, जाय आते, उशीर व्हयना." मी पडदा बंद करून टाकला, त्याच्या उजेडाने नुसते डोळे चुरचुरत होते आणि आता तो लागतही नव्हता. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी मोठ्याने हसत होतो, नंदा धावत आली, आईही पिठाचे हात घेऊन आली. "दादा, चालना! चालना ना!" नंदा ओरडली. तेवढ्यात आबा फेरी संपवून आले. बाहेरूनच म्हणाले, "काय धिंगाना शे? नंदी, तू अठे शे, मंग डब्बामा कोन बोलस?" ते आत आले, माझ्या मागे उभे राहिले. डिझेलचा वास आला. "मले बी दखाड," ते म्हणाले.

मी दाखवू लागलो. मी किती बोललो असेन! मूळ कुठे, फांदी कुठे, वाट कशी चुकत होती, ती मुळापासून कशी धरली. आबा काही बोलत नव्हते, मला वाटलं त्यांना कळत नाहीये, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या वेळी काय घडत होतं ते नंदाने मला फार वर्षांनी सांगितलं. आबा माझ्या बाजूला येऊन वाकले होते, आणि त्यांनी आपला हात माझ्या डोळ्याच्या कडेशी हलवला, एकदा, मग पुन्हा, अगदी जवळून. भर दुपार होती, दार सताड उघडं होतं. आणि मी त्या हाताची दखल न घेता हसत हसत वाटा समजावत होतो.

"टीव्ही त बंद शे," आबा म्हणाले. कॉम्प्युटरच्या पडद्याला ते टीव्हीच म्हणत.

"लागत नाही, आबा," मी म्हणालो, आणि म्हणत असतानाच माझ्या लक्षात आलं की मी काय म्हणालो.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "कवयपासून?" आबांनी विचारलं. हा आवाज इंजिनावरून बोलणारा नव्हता. मी सांगितलं, "जळगावच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. सगळंच जाणार आहे. मी तुमच्याशी खोटं बोललो." आई हुंदका दाबून स्वयंपाकाच्या खोलीत गेली. आबांचे बूट दारापर्यंत गेलेले ऐकू आले, आणि मला वाटलं ते आता निघून जातील, डेपोत, गाडीत, कुठेही. पण बूट तिथेच थांबले. मग परत आले. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला आणि ते माझ्या शेजारी बसले. त्यांनी माझा हात उचलून बाजूला ठेवला आणि आपली जाड बोटं कीबोर्डवर टेकवली.

"मी डोया मिची लेस," ते म्हणाले. "मले शिकाड."

मला खरं वाटेना. मी हात लांब करून त्यांचा चेहरा चाचपला. पापण्या मिटलेल्या होत्या, आणि माझी बोटं ओली झाली.